गाडी जुनी होते, पार्ट होत नाही

जुन्या एसयूव्हीच्या प्रत्येक जाहिरातीत एक डॉक्टर असतो. 'डॉक्टरांची गाडी, एकहाती, टायर नवे, एक रुपयाचं काम नाही.' कोल्हापूर-सांगली पट्ट्यात विकायला निघालेल्या सगळ्या एसयूव्ही खरंच डॉक्टरांच्या असत्या, तर आमच्याकडे पेशंटपेक्षा डॉक्टर जास्त झाले असते. शेवटचं वाक्य मात्र खरं असतं. एसयूव्हीला एक रुपयाचं काम कधी निघतच नाही. निघालं की पाच हजारांच्या पुढचंच निघतं.

माझी गाडी २०१२ सालची. सात सीट, टर्बो डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी, चासिसवर बॉडी बसवलेली, म्हणजे जुन्या घडणीची. नवी असताना रस्त्यावर आणायला अकरा लाखांच्या आसपास लागले असणार. मला ती चार लाखांच्या थोडी आत पडली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात कंपनीचा दोष नाही. या वयाच्या, या वजनाच्या कुठल्याही डिझेल गाडीखाली गोणपाट टाकून आडवे झालात तर थोड्याफार फरकानं हेच दिसेल.

आमच्या भागात या गाड्यांचं एक वेगळं वजन आहे, आणि ते वजनकाट्यावरचं नव्हे. १९९४ साली सुमो आली, १९९८ ला सफारी, २००० ला बोलेरो, २००२ ला स्कॉर्पिओ. यातल्या बहुतेक पुण्या-नाशकाच्या कारखान्यांतून निघालेल्या, त्यामुळे घरच्याच. त्याआधी मोठी गाडी म्हणजे वडापची जीप किंवा ट्रॅक्स, जिच्या मागच्या फळीवर आपण गुडघे पोटाशी घेऊन बसलेलो. मग तीच उंची, तोच दणकटपणा, पण काचा वर आणि एसी चालू, अशी गाडी साखर कारखान्याच्या संचालकांच्या दारात दिसायला लागली. दहा-बारा वर्षांनी तीच गाडी चार लाखांत मिळते म्हटल्यावर शिक्षकाच्या, दुकानदाराच्या, माझ्यासारख्या नोकरदाराच्या मनात जे व्हायचं ते होतं.

गाडी घरी आली तेव्हा आई म्हणाली, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." म्हण जुनी आहे, पण मला ती इथे पुरती लागू पडत नाही असं वाटतं. ही कोंबडी मुळात चार आण्यांची नव्हतीच. ती होती अकरा लाखांची, आणि मसालेवाल्याला तेवढंच माहीत आहे. गाडी विकताना तिचं वय मोजतात. पार्ट विकत घेताना काउंटरवरचा माणूस मॉडेल विचारतो, साल विचारतो, पण साल विचारतो ते पार्ट नंबर जुळवायला. भाव कमी करायला नव्हे. क्लच प्लेटला ठाऊक नसतं की ती आता चार लाखांच्या गाडीत बसणार आहे. उलट दर वर्षी यादीतला भाव थोडा वर सरकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक पार्ट्सवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा तेवढा दिलासा मिळाला, एवढंच.

विम्याचंही तेच. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. १५०० सीसीच्या वरच्या खाजगी गाडीला २०२२ मध्ये तो ७,८९७ रुपये ठरला. गाडी चार वर्षांची असो की तिला मिसरूड फुटलेलं असो. आणि स्वतःच्या नुकसानीचा दावा करायला गेलात की विमा कंपनीला गाडीचं वय बरोबर आठवतं. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा, प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर तर कुठल्याही वयात ५० टक्के. द्यायचे तेव्हा गाडी नवी, घ्यायचे तेव्हा जुनी.

म्हणून माझं मत असं की जुन्या एसयूव्हीचा भाव नव्या छोट्या गाडीशी ताडून बघूच नये. चार लाखांत छोटी हॅचबॅक येते आणि चार लाखांत ही पण येते, हे खरं असलं तरी पहिल्या दिवसापासून त्या दोघींचे खर्च दोन वेगळ्या घरांतले असतात. हॅचबॅकमध्ये तीनेक लिटर ऑइल, हिला सहाच्या आसपास. तिचा टायर साडेतीन-चार हजारांत, हिचा आठ-नऊ हजारांत. चार टायर आणि अलाइनमेंट म्हणजे पस्तीस हजारांची चर्चा. 'टायर नवे' हे जाहिरातीतलं वाक्य त्यामुळे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, फक्त वाकून तपासण्यासारखं आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१८' असेल तर तो २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय, मग नक्षी कितीही खोल दिसो.

गाडी घ्यायच्या आधी आमच्या मेस्त्रींना घेऊन गेलो होतो. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात पूर्वी कामाला होते, आता स्वतःचं गॅरेज आहे. त्यांनी विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करायला लावला, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." तिथे पोचल्यावर कुणाशी बोलायच्या आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम लागलं. मेस्त्री म्हणाले, "साहेब, चहा घेऊया निवांत. गाडी गार होऊ दे." आणि खरोखर आम्ही तासभर त्या माणसाच्या अंगणात बसलो. थंड डिझेल इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, उठताना कुठल्या रंगाचा धूर सोडतं, हे लपवायचं असेल तर आधी गाडी गरम करून ठेवणं हा एकच उपाय असतो.

धुराची भाषा त्यांनी तिथेच शिकवली. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय, मग ते रिंगमधून येवो, वॉल्व्ह सीलमधून येवो की टर्बोतून. पांढरा थोडा वेळ थंडीत चालतो. गरम झाल्यावरही येत राहिला आणि कुलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे बघायचं. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं. तिथून भसाभसा वाफ आणि दाब यायला लागला तर सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या खाली उतरतोय. याला आमच्याकडे बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, आणि ते असलं की लाखाच्या आसपासचं इंजिन काम गृहीत धरायचं. आमच्या गाडीला थोडी फुंकर होती, वयाला शोभेल इतपत.

मीटरवर ९८ हजार किलोमीटर दिसत होतं. मेस्त्रींनी मीटरकडे बघितलंच नाही. क्लच पेडलचं रबर बघितलं, स्टीअरिंगची गुळगुळीत झालेली कड बघितली, ड्रायव्हर सीटचा आतला स्पंज दाबून बघितला, आणि बोटांनी इशारा केला, दीड. भाव त्याच हिशेबानं ठरला.

एक गोष्ट मात्र ते सगळ्यात जास्त वेळ बघत होते: खाली. चासिसला ताजा काळा रंग असेल तर त्यांना तो आवडत नाही. धुऊन लख्ख केलेलं इंजिनही आवडत नाही. "धुळीत तेल कुठनं गळतंय ते कळतं. धुतल्यावर सगळंच नवं." समुद्राकाठच्या गाडीचा पत्रा दरवाजांच्या उंबऱ्याखाली, बॅटरीच्या ट्रेखाली, मागच्या चाकाच्या कमानीत आतून खातो, वरून फुगवटा दिसायला लागेपर्यंत आतलं निम्मं गेलेलं असतं. एमएच ०७ किंवा ०८ दिसली की खाली जास्त वेळ काढायचा, हा त्यांचा नियम. दुसरा नियम दिल्लीच्या गाड्यांसाठी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. त्यानंतर तिथल्या धडधाकट मोठ्या गाड्या एनओसी घेऊन बाहेरच्या राज्यांत स्वस्तात उतरायला लागल्या. यंत्र म्हणून त्या वाईट नसतात. पण नंबर बदलणं, इथला रोड टॅक्स, कागदांची ये-जा हे धरलं की स्वस्ताई बरीच वितळते.

आता खडखडीबद्दल. जुन्या एसयूव्हीच्या मालकांचं अर्धं आयुष्य खडखड ऐकण्यात आणि उरलेलं ती कुठून येते हे मेस्त्रींना समजावण्यात जातं. गाडी भरली की दोन टनांच्या पुढे जाते, आणि ते सगळं पुढच्या बाजूला लोअर आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, स्टॅबिलायझरचे बुश आणि शॉकअप यांच्या जिवावर खड्ड्यांतून जातं. रबर दहा वर्षांत चिरतं, गाडी फिरो न फिरो. गंमत अशी की ही सगळी मंडळी एकाच सुरात वाजतात. मेस्त्री चाकामागे टॉमी घालून एकेक सांधा उचकून बघतात तेव्हा कुठे दोषी सापडतो. आणि तो बदलला की गाडी शांत होते असंही नाही. मोठा आवाज गेल्यामुळे इतके दिवस त्याखाली दबलेला लहान आवाज ऐकू यायला लागतो. लिंक रॉडची जोडी दीड-दोन हजारांत होते, म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात. मग बुश, ते प्रेसवर काढून घालायचे, मजुरी वेगळी. मग पुढचे शॉकअप, जोडीचे पाच-सहा हजार. तीन हप्त्यांत केलं तर तीनदा गाडी उघडायची मजुरी आणि तीनदा अलाइनमेंट. आम्ही पुढची बाजू एकदमच केली, वीस हजारांच्या आत बसली, आणि त्यानंतर मला पहिल्यांदा कळलं की माझ्या गाडीतला रेडिओ चांगला वाजतो.

क्लचचं फार सांगण्यासारखं नाही. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदम बदला, दहा-बारा हजार पार्टचे आणि गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीन-चार हजार. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर मागचं क्रँक ऑइल सील बदलून घ्या, ते काही शेकड्यांत येतं. ते तसंच ठेवलं आणि सहा महिन्यांनी गळायला लागलं तर त्या काही शेकड्यांसाठी परत तीन-चार हजारांची मजुरी. ज्या मॉडेलमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे क्लचमागचं दोन भागांचं जड चाक, आहे तिथे आधी त्याची चौकशी करा. ते खराब निघालं तर क्लचचं बिल दुप्पट-तिप्पट होतं.

खरी श्रीमंती डिझेलच्या वाटेवर आहे. जुन्या पंपाच्या इंजिनाचं डिझेल काही शे बार दाबानं सुटायचं. कॉमन रेलमध्ये, म्हणजे एकाच जाड नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या पद्धतीत, तो दाब १६०० बारच्या घरात जातो, आणि डिझेल फवारणाऱ्या या इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते. त्या फटीत डिझेलमधलं पाणी किंवा बारीक गाळ गेला की खेळ संपला. वरकरणी लक्षणं साधी असतात. सकाळी सेल्फ लांबतो, आयडलला गाडी थरथरते, एका ठरावीक आरपीएमला ठकठक येते. आमच्या मेस्त्रींनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे आपलं काम न्हाई. पंपवाल्याकडं जायचं."

पंप-नोझलचं दुकान हे गॅरेजच्या धंद्यातलं सोवळ्यातलं घर. मी गेलो ते बाहेरून इतर गाळ्यांसारखंच काळंकुट्ट होतं, पण आत काचेची खोली, एसी, पांढरा उजेड, आणि दारात चपला काढायला सांगतात. धूळ चालत नाही. तिथल्या पोरानं आधी गाडीवरच एक साधी परीक्षा घेतली. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार पारदर्शक बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन चालू ठेवलं. प्रत्येक इंजेक्टर थोडं डिझेल परत पाठवतोच. तीन बाटल्यांच्या तळाशी बोटभर जमलं, तिसऱ्या नंबरची बाटली गळ्यापर्यंत आली. याहून सरळ पुरावा मी कुठल्याही दवाखान्यात बघितलेला नाही. नवा इंजेक्टर बारा ते अठरा हजारांच्या दरम्यान सांगितला, तोही एक. आतले भाग बदलून दुरुस्त केला तर पाच-सहा हजार, वर टेस्टिंग आणि नवा कोड स्कॅनरनं ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, भरायची फी. चारही नवे घातले असते तर गाडीच्या किमतीचा सहावा-सातवा हिस्सा त्या चार बोटभर नळ्यांत गेला असता. आम्ही एक दुरुस्त केला. बाकीचे तीन साफ करून, तपासून, जिथले तिथे बसवले.

त्या पोराचं एक वाक्य फार कामाचं आहे. "फिल्टर वाचवणारं गिऱ्हाईक आमचं लाडकं." डिझेल फिल्टर हजार-दीड हजाराला येतो. त्याच्या तळाशी पाणी साठायची जागा असते, तिथला स्क्रू सैल करून पाणी काढायचं असतं. पावसाळ्यात तर नक्कीच. जुन्या गाडीचा आधीचा मालक विकायचं मनात आल्यापासून हे सगळं बंद करतो, हे आपण गृहीत धरायचं. त्यात त्याचं काही चुकतं असंही मला वाटत नाही. जी गाडी दोन महिन्यांत दुसऱ्याच्या दारात जाणार तिला कोण नवा फिल्टर घालतो? पण तसं दोन-तीन मालकांनी केलेलं असतं, आणि त्या सगळ्यांनी वाचवलेले पैसे शेवटच्या माणसाच्या बिलावर एकत्र येतात.

टर्बोबद्दल लोकांत भीती जास्त आहे. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. करूळ घाट चढून गगनबावड्याला टपरीसमोर गाडी लावली आणि लगेच किल्ली फिरवली, की तेल थांबतं आणि तापलेल्या टर्बोत उरलेलं तेल करपतं. मिनिटभर आयडलला ठेवा, तेवढ्यात बरोबरची मंडळी उतरून चहा सांगतात. नवा टर्बो तीस-चाळीस हजार, आतला गाभा बदलून दहा-पंधरा. पण 'पिकअप नाही, काळा धूर येतो' म्हटलं की लगेच टर्बोवर बोट ठेवणाऱ्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढावी. टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे ती तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे, जाणारा रबरी होज पट्टीजवळ चिरला तरी अगदी हीच लक्षणं दिसतात, आणि तो दीड-दोन हजारांत येतो. थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर वॉल्व्हमध्ये काजळी साचली तरीही. ती तर रॉकेल-डिझेलनं घासून साफ होते, मजुरी फक्त. आमच्या गाडीचा होजच होता.

पाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यात सांभाळण्यासारखं आहे. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात, वयानं त्या तडकतात. रेडिएटर सहा-नऊ हजार. बोअरचं पाणी ओतून वेळ मारून नेलेल्या गाडीत आत क्षार बसलेले असतात. तापमानाचा काटा वर गेल्यावरही 'घर जवळच आहे' म्हणून हाणली तर हेड वाकतं, मग ते लेथवर फेसिंगला जातं, गॅस्केट, कुलंट, मजुरी धरून पंचवीस-तीस हजार. कुलंटचा पाच लिटरचा डबा किती स्वस्त आहे हे तेव्हा कळतं.

एक बारीक गोष्ट मात्र मला इतकी आवडली की ती सांगतोच. पेट्रोल गाडीचे ब्रेक हलके लागतात ते इंजिन हवा ओढताना जी पोकळी तयार होते तिच्यावर. डिझेल इंजिन तशी पोकळी देत नाही, म्हणून त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो. त्यामुळे एकदा आमच्याकडे असा चमत्कार झाला की बॅटरी उतरायला लागली आणि ब्रेकही जड झाला. मी दोन वेगळी दुखणी समजत होतो. वायरमन म्हणाला अल्टरनेटर, ब्रेकवाला म्हणाला बूस्टर. मेस्त्रींनी खाली वाकून बघितलं, पंपाला तेल देणारी नळी गळत होती, तेच तेल अल्टरनेटरमध्ये शिरलं होतं. नळी, सील आणि अल्टरनेटरची सफाई मिळून अडीच हजारांत काम झालं. दोघांचं ऐकलं असतं तर वीस गेले असते. जुन्या गाडीला पार्टपेक्षा चुकीचं निदान महाग पडतं, आणि नेमक्या निदानाचे पैसे आपण सहसा देतच नाही. देतो ते पाना फिरवायचे.

उंदरांचा उल्लेख राहायला नको. घरामागे ऊस आहे. तोडणी झाली की उंदीर उठतात आणि बॉनेटखालची उबदार जागा गाठतात. वायरिंगचं वरचं आवरण त्यांना का आवडतं देव जाणे. तंबाखूची पुडी फडक्यात बांधून इंजिनाजवळ ठेवायची असं सगळे सांगतात. मी ठेवतो. उंदीर कमी झाले की नाही सांगता येत नाही, पण बॉनेट उघडल्यावर मेस्त्रींचा हात आधी त्या पुडीकडे जातो.

पार्ट आणायला गेलं की काउंटरवर एकाच वस्तूचे तीन भाव मिळतात: कंपनीच्या डब्यातला, चांगल्या मेकचा बाहेरचा, आणि लोकल. चौथा भाव भंगार बाजारात. लोकांनी याला प्रामाणिकपणाचा प्रश्न करून टाकलंय, जणू ओरिजनल घालणारा सज्जन आणि बाकीचे कंजूष. माझा हिशेब वेगळा आहे. ब्रेक, स्टीअरिंगचे सांधे, टायमिंगचं सामान, जिथे रबर किंवा बेअरिंग आहे ते सगळं, इथे डबाबंदच. टायमिंग बेल्ट तुटून वॉल्व्ह पिस्टनवर आदळले की वाचवलेल्या पैशांचं हसू होतं. पण दरवाजाचं हँडल, काचेची मशीन, मागचा दिवा, आरशाचं कव्हर, डॅशबोर्डची जाळी हे भंगारातून आणायला काहीच हरकत नाही. मागच्या दरवाजाचं लॉक मी कुर्ल्याहून मावसभावाकरवी मागवलं, नव्याच्या पाव भावात, आणि ते माझ्या गाडीच्या उरलेल्या तिन्ही लॉकपेक्षा सरस आहे.

बायकोनं एक वही ठेवलीय. माझ्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तिला हिशेब आवडतो. तारीख, किलोमीटर, काम, पार्ट, मजुरी. त्या वहीतून असं दिसतं की गाडी पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त खाते. मागच्या मालकांचं राहिलेलं सगळं त्या वर्षात निघतं. आमच्या पहिल्या वर्षाची बेरीज लाखाच्या बरीच जवळ गेली, त्यात टायर धरून. पुढची वर्षं वीस-तीस हजारांवर आली, मधेच एखादं साठ-सत्तरचं. म्हणून भावाला, मित्रांना मी सांगतो, साडेचार लाख खिशात असतील तर साडेतीनची गाडी बघा. ते मान हलवतात आणि पाचची बघायला जातात.

या आकड्यांसमोर नव्या गाडीचा आकडा ठेवला की बायको वही मिटते. १८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं तर हप्ता २९ हजारांच्या जवळ जातो. आमचं सगळ्यात वाईट वर्षसुद्धा चार हप्त्यांच्या आत आहे. हिशेब बरोबर आहे, पण मला तो निम्माच वाटतो. हप्त्याला तारीख असते. जुन्या गाडीचा खर्च मुलीची फी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, कुडाळला ताईकडे जायला सगळे सात जण तयार होऊन अंगणात उभे असताना येतो. ज्याच्याकडे महिन्याला पैसे शिल्लक राहतात पण एकगठ्ठा चाळीस हजार कधीच नसतात, त्यानं ही गाडी घेऊ नये. त्याच्यापेक्षा हप्तेवाला शांत झोपतो. आणि जिला रोज ऑफिसात वेळेवर पोचायचंय तिनंही घेऊ नये, कारण मेस्त्रींचं 'संध्याकाळपर्यंत देतो' हे वाक्य कुठल्या दिवसाच्या संध्याकाळबद्दल आहे ते त्यांनाही माहीत नसतं.

मी ती का ठेवलीय, याचं उत्तर मात्र सोपं आहे. ताईच्या घराकडे जाणारा शेवटचा रस्ता पावसात नुसता लाल चिखल असतो. तिथून मालवणपर्यंत आणि इकडे घाट उतरेपर्यंत प्रत्येक मोठ्या गावात हिला उघडू शकणारा माणूस आहे. नव्या गाडीचा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला की टोईंग व्हॅन बोलवावी लागते. हिचा लागला की फोंड्याचा मेस्त्री आधी बॅटरीची वायर काढून परत लावतो. निम्म्या वेळा तेवढ्यानं भागतं.

२०२७ ला तिला पंधरा वर्षं होतील. मग आरटीओत फेरनोंदणी, पाच वर्षांसाठी. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० झालीय, शिवाय पर्यावरण कर, शिवाय तपासणीआधी दिवे, ब्रेक, धूर, पत्रा हे सगळं नीट करायचा खर्च. नव्या सुरक्षा नंबरप्लेटचे ७४५ आणि जीएसटी आधीच भरून झालेत. मेस्त्री म्हणतात पास होईल. बायको म्हणते त्याआधी विकूया, वहीसकट.

मध्यंतरी खरोखरच एक जण बघायला आला. तरुण पोरगा, गडहिंग्लजकडचा, पहिलीच गाडी घेणार होता. गाडी तेव्हा गॅरेजमध्येच होती. बायकोनं दिलेली वही मी त्याच्या हातात ठेवली. त्यानं पानं चाळली, इंजेक्टर, क्लच, रेडिएटर, बुश, सगळं बोटानं वाचत गेला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"काका, एवढं सगळं केलंय म्हणजे आता काही काम निघणार न्हाई."

"स्टीअरिंगचा रॅक निघंल," गाडीखालून मेस्त्री म्हणाले. "सील गळायला लागलंय. आठ-नऊ हजार धरा. आणि एसीचा कंडेन्सर. त्यो उन्हाळ्यापर्यंत जाईल."

पोरानं वही परत दिली नाही. मोबाइल काढला आणि एकेका पानाचा फोटो घ्यायला लागला.